न फुटणाऱ्या चाकाचा शोध : खडकाळ वाटेवरील टायरच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : भुईगाव व वसई परिसर)

प्रस्तावना :

चाकाचा इतिहास हा प्रामुख्याने वाटेचा इतिहास आहे. चाक कोणते असावे हे वाट ठरवते आणि वाट कशी टिकेल हे चाक ठरवते. दळणवळणाच्या इतिहासलेखनात रस्ते, रेल्वे, बंदरे आणि इंजिने यांवर भरपूर लेखन झाले आहे. परंतु वाहनाचा जो भाग जमिनीला प्रत्यक्ष टेकतो, त्या धावेचा आणि टायरचा विचार मराठीत क्वचितच झाला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात एका अगदी व्यावहारिक वाटणाऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. खडकाळ वाटेवर चालवावयाच्या एटीव्हीसाठी, म्हणजेच सर्वभूमी वाहनासाठी, सहजी पंक्चर न होणारा टायर कसा निवडावा, हा तो प्रश्न होय.

या अभ्यासासाठी भुईगाव आणि वसई परिसराचा संदर्भ घेण्यामागे निश्चित कारण आहे. भुईगाव हे वसई तालुक्यातील अरबी समुद्राच्या काठचे गाव. गावाच्या पश्चिमेस वाळूचा किनारा आणि सुरूची झाडे आहेत. किनाऱ्याच्या आतील पट्ट्यात बागायती आणि खारजमीन आहे, तर पूर्वेस लोहमार्ग ओलांडून गेल्यावर तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे काळ्या बेसाल्ट खडकाचे डोंगर सुरू होतात. वाळू, चिखल, मुरूम आणि धारदार खडक या चारही प्रकारची भूमी एकाच तालुक्यात आढळते. एकच चाक या चारही भूमींवर सारखेच उपयोगी ठरेल काय, हा प्रश्न म्हणूनच येथे नेमकेपणाने मांडता येतो.

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात सर्वभूमी वाहने तीन मार्गांनी परिचित झाली. अलिबाग, नागाव, काशीद यांसारख्या किनाऱ्यांवर ती पर्यटकांच्या करमणुकीसाठी आली. मुंबई पोलिसांनी किनाऱ्यावरील गस्तीसाठी अशी वाहने वापरली. तसेच २००७ पासून भरविण्यात येणाऱ्या बाहा एसएई इंडिया या स्पर्धेमुळे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी खडबडीत भूमीवर धावणारी वाहने स्वतः बांधू लागले. या तिन्ही ठिकाणी टायरची निवड हा खर्चाचा, सुरक्षिततेचा आणि काही प्रसंगी जीविताचाही विषय असतो. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर किंवा पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी मदतीसाठी निघालेले वाहन हवा गेल्यामुळे अडकले, तर हानी केवळ टायरच्या किमतीपुरती मर्यादित राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. लोखंडी धावेपासून हवा भरलेल्या टायरपर्यंतच्या स्थित्यंतराची कारणे तपासणे.
२. महाराष्ट्रातील टायरगाडीच्या अनुभवातून पंक्चरच्या प्रश्नाचे आर्थिक व सामाजिक स्वरूप समजून घेणे.
३. या इतिहासाच्या आधारे खडकाळ वाटेसाठी टायर निवडण्याचे निकष मांडणे.

अभ्यासपद्धती :

हा अभ्यास ऐतिहासिक, वर्णनात्मक व तुलनात्मक स्वरूपाचा आहे. ज्ञात ऐतिहासिक घटनाक्रम आणि टायरच्या रचनेविषयीची तांत्रिक माहिती यांची परस्परांशी सांगड घालून विवेचन केले आहे.

लोखंडी धाव : कधीही पंक्चर न होणारे चाक

पंक्चर न होणारे चाक ही भविष्यातील कल्पना नसून ती आपल्या मागे पडलेली वस्तुस्थिती आहे, हे प्रथमतः लक्षात घेतले पाहिजे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढविलेली लोखंडी धाव कधी पंक्चर झाली नाही. मध्यभागी तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी वर्तुळाचे तुकडे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी धाव, अशी या चाकाची रचना होती. सुताराने चाक घडवावे आणि लोहाराने धाव तापवून, प्रसरण पावलेली असतानाच चाकावर चढवून वर पाणी ओतावे, ही पद्धत गावोगावी रूढ होती. थंड होताना धाव आकसत असे आणि संपूर्ण चाक घट्ट बांधले जात असे. दुरुस्तीचे ज्ञान आणि साधने दोन्ही गावातच उपलब्ध होती.

तथापि लोखंडी धावेचे चाक सर्वत्र जाऊ शकत होते, असे मात्र नाही. सह्याद्रीच्या घाटवाटांवर मालाची वाहतूक दीर्घकाळ चाकांवर नव्हे, तर बैलांच्या पाठीवर होत असे. बोरघाटातील रस्ता १८३० मध्ये चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला, त्यानंतरच कोकण आणि देश यांच्यातील गाडीवाहतुकीस खरी गती मिळाली. म्हणजे खडकाळ भूमीवर चाक नेण्याचा प्रश्न त्या काळात चाक बदलून नव्हे, तर रस्ता बांधून सोडविला गेला.

वसई परिसरात १८६७ मध्ये मुंबई-विरार रेल्वेसेवा सुरू झाली. वसईची केळी, भाजीपाला, फुले आणि विड्याची पाने मुंबईच्या बाजारपेठेस जोडली गेली. परंतु बागेपासून स्थानकापर्यंतचा पहिला टप्पा रेल्वे पार करीत नव्हती. भुईगावसारख्या किनारपट्टीवरील गावांच्या दृष्टीने हाच टप्पा महत्त्वाचा होता. रेल्वेने अंतर कमी केले, तरी बैलगाडीची गरज नाहीशी केली नाही. उलट स्थानकाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर तिचे महत्त्व वाढले.

लोखंडी धाव स्वतः फुटत नसे, पण तिच्या कठीणपणाची किंमत इतरांना मोजावी लागे. एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. एका चाकावर ५०० किलो भार आहे, धाव ५ सेंटिमीटर रुंद आहे आणि कठीण रस्त्यावर ती सुमारे १ सेंटिमीटर लांबीवर टेकते असे मानले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० किलो भार येतो. खडी, मुरूम आणि पाणी यांच्या साहाय्याने दाबून तयार केलेला रस्ता असा भार फार काळ सहन करू शकत नाही. खडी भरडली जाते, चाकोऱ्या पडतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचते. चाकोरी या शब्दाला मराठीत आलेला लाक्षणिक अर्थ याच अनुभवातून आला आहे. रस्त्याबरोबरच बैलाच्या मानेवर येणारे हिसके आणि गाडीवानाच्या शरीरास बसणारे हादरे हाही या व्यवस्थेचा अविभाज्य भाग होता.

रस्त्यांच्या दुरवस्थेची राष्ट्रीय पातळीवर दखल घेणाऱ्या समितीचे अध्यक्षपद बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे होते, ही बाब येथे उल्लेखनीय आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीने १९२८ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस अस्तित्वात आली. १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत रस्तेविकासाची जी योजना तयार झाली, ती नागपूर योजना म्हणून प्रसिद्ध आहे. वेगवान मोटार आणि संथ बैलगाडी यांना एकाच रस्त्यावर सामावून घेताना रबरी टायर आणि लोखंडी धाव यांच्या परस्परविरोधी गरजांचा विचार रस्ते-अभियंत्यांना सातत्याने करावा लागला.

हवा भरलेले चाक आणि पंक्चरचा जन्म

चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. परंतु सायकली आणि मोटारी रूढ होण्यापूर्वीच आलेली ही कल्पना व्यवहारात टिकली नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडली. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेल्या या प्रयोगातून एका जागतिक उद्योगाचा पाया घातला गेला.

हवेच्या टायरबरोबरच पंक्चरही जन्मास आले. डनलॉप यांचा प्रारंभीचा टायर चाकाला चिकटविलेला असे, त्यामुळे तो दुरुस्त करणे अत्यंत वेळखाऊ होते. या ठिकाणी मिशेलिन बंधूंचे योगदान निर्णायक ठरते. त्यांनी १८९१ मध्ये चाकावरून सहज काढता येईल असा टायर बनविला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ याने असे टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल शर्यत जिंकली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार धावविली. वाटेत तिला वारंवार पंक्चर झाले आणि ठरलेल्या वेळेत ती पोहोचू शकली नाही. तरीही हवेच्या टायरवर मोटार धावू शकते, हे सिद्ध झाले.

या घटनाक्रमाचा अर्थ महत्त्वाचा आहे. हवेचा टायर प्रस्थापित झाला तो पंक्चर होत नव्हता म्हणून नव्हे. तो प्रस्थापित झाला, कारण पंक्चर झाल्यावर तो वाटेतच दुरुस्त करणे शक्य झाले. पुढील काळात रबरात काजळी मिसळून त्याची झीज कमी करण्यात आली. आतील सुती कापडाच्या थरांची जागा रेयॉन व नायलॉनच्या धाग्यांनी घेतली. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल रचनेचे पेटंट घेतले आणि त्याच सुमारास अमेरिकेत ट्यूबविरहित टायर पुढे आले. या प्रत्येक सुधारणेने पंक्चरची शक्यता किंवा त्याचा परिणाम कमी केला. ती शक्यता पूर्णतः नाहीशी मात्र कोणीही केली नाही.

टायरगाडी : महाराष्ट्राचा अनुभव

भारतात डनलॉप कंपनीचा साहागंज येथील कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. मुंबईत शिवडी येथे फायरस्टोनचा कारखाना उभा राहिला, तर १९५८ मध्ये सिएटची भारतीय कंपनी स्थापन झाली. मोटारींची संख्या मर्यादित असलेल्या या देशात बैलगाडी ही टायर उत्पादकांना मोठी संभाव्य बाजारपेठ वाटणे स्वाभाविक होते. जनावरांनी ओढावयाच्या वाहनांसाठी हवेचे टायर तयार झाले आणि ग्रामीण महाराष्ट्रात अशा गाडीला टायरगाडी, तर काही भागांत कंपनीच्या नावावरून डनलॉप गाडी असे संबोधले जाऊ लागले.

टायरगाडीचे लाभ स्पष्ट होते. चांगल्या रस्त्यावर ती ओढण्यास कमी श्रम पडत, बैलांना बसणारे हिसके कमी होत आणि एका खेपेत अधिक माल वाहता येई. साखर कारखानदारीत तिचा प्रसार झाला तो याच कारणाने. १९५० मध्ये लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि सहकारी साखर कारखानदारीचा विस्तार होत गेला. ऊस तोडल्यानंतर तो शक्य तितक्या लवकर गाळपास पोहोचणे आवश्यक असते. अशा ठिकाणी अधिक भार वाहणारी टायरगाडी उपयुक्त ठरली. अनेक ठिकाणी कारखान्याच्या गाड्या ऊसतोड कामगारांना हंगामापुरत्या भाड्याने दिल्या जात.

तथापि सामान्य शेतकऱ्याने लोखंडी धाव तत्काळ सोडली नाही. त्यामागे परंपरेची ओढ होती असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्याची कारणे व्यवहारात होती. टायर, ट्यूब, लोखंडी आस आणि बेअरिंग यांचा प्रारंभिक खर्च अधिक होता. बाभळीचे काटे तसेच तूर किंवा कपाशी काढल्यानंतर शेतात उरणारी धसकटे ट्यूबला घातक होती. दूरच्या शिवारात हवा गेली तर पंप, ठिगळ आणि सोल्यूशन जवळ असेलच याची शाश्वती नव्हती. चिखलाच्या वाटेवर अरुंद धाव मऊ थर कापून खालच्या कठीण भूमीपर्यंत पोहोचत असे, रुंद टायर मात्र घसरत असे. शिवाय उतारावर सहज धावणारी टायरगाडी बैलांच्या अंगावर येई, त्यामुळे तिला ब्रेकची आवश्यकता भासे. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा जो अभ्यास केला, त्यामुळे गाडी आणि जनावर यांच्यावरील भाराचा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे ठळकपणे आला.

या पेचातून ग्रामीण कारागिरांनी स्वतःचा मार्ग काढला. ट्रक आणि जीप यांचे वापरून झिजलेले टायर गाड्यांना बसविण्यात आले. त्यांची नक्षी गुळगुळीत झालेली असली, तरी बैलगाडीच्या वेगाला ती पुरेशी होती. अनेक थरांचे जाड कवच मात्र शाबूत असे. म्हणजे काट्यांपासून संरक्षण देणारे कवच त्यांना नव्या गाडी-टायरपेक्षा अल्प किमतीत मिळाले. टायरची निवड करताना नक्षीपेक्षा कवचाला प्राधान्य देण्याचा हा निर्णय कोणत्याही माहितीपुस्तिकेतून आलेला नव्हता, तो अनुभवातून आला होता. खडकाळ वाटेच्या संदर्भात तो आजही तितकाच लागू पडतो.

एटीव्ही : रस्त्याविना चाक

१९७० मध्ये होंडा कंपनीने अमेरिकेत तीनचाकी सर्वभूमी वाहन विक्रीस आणले. त्याचे वैशिष्ट्य इंजिनात नव्हते, तर फुग्यासारख्या मोठ्या आणि अत्यल्प हवेच्या टायरांत होते. वाळू, बर्फ आणि दलदल यांवर हे टायर प्रभावी ठरले. परंतु कापणी झालेल्या शेतातील धसकटांनी ते पंक्चर होऊ लागले. त्यामुळे १९७५ च्या सुमारास कंपनीने कापडी थरांचे कवच असलेले अधिक मजबूत टायर दिले. दख्खनच्या शिवारात टायरगाडीपुढे उभा राहिलेला धसकटांचा प्रश्न अमेरिकेतील शेतात या नव्या वाहनापुढेही उभा राहिला आणि त्याचे उत्तरही कवच बळकट करणे हेच निघाले. पुढे तीनचाकी वाहने उलटण्याच्या धोक्यामुळे १९८८ मध्ये अमेरिकेत त्यांची विक्री थांबली आणि चारचाकी रचना सर्वमान्य झाली.

एटीव्हीच्या टायरमध्ये हवेचा दाब सामान्यतः ५ ते ७ पीएसआय इतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो ३० च्या आसपास असतो. चालकासह ४०० किलो वजनाचे वाहन चार चाकांवर उभे आहे असे मानल्यास प्रत्येक चाकावर १०० किलो भार येतो. ५ पीएसआय दाबाला तो टायर ढोबळ मानाने २८५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर टेकेल आणि जमिनीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ०.३५ किलो भार येईल. लोखंडी धावेच्या पूर्वोक्त उदाहरणाशी तुलना केल्यास हा फरक शेकडो पटींचा आहे. बोरघाटात चाकासाठी रस्ता बांधावा लागला होता. येथे रस्ता बांधण्याऐवजी चाकच भूमीशी जुळवून घेते.

याच गुणात खडकावरील त्याचे बळ आणि त्याचा दुबळेपणा दोन्ही सामावलेले आहेत. मऊ टायर दगडावर आदळून फुटण्याऐवजी दगडाभोवती वळतो, त्यामुळे भार विभागला जातो. परंतु हवा फारच कमी असेल, तर धारदार दगड आणि चाकाची लोखंडी कड यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. तसेच फुगीर बाजू दोन दगडांमधून जाताना घासली व कापली जाते.

खडकाळ वाटेसाठी निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे टायरला होणाऱ्या इजा चार प्रकारांत मांडता येतात : काटा किंवा खिळा टोचणे, धारदार कडेने बाजू कापणे, दगड व चाकाची कड यांमध्ये चिमटणे आणि टायर चाकाच्या कडेवरून सुटणे. पंक्चररोधक हा एकच शब्द या चारही इजांसाठी वापरला जातो, आणि निवडीतील संभ्रमाचे ते मुख्य कारण आहे. एका इजेवरचा उपाय दुसऱ्या इजेवर निरुपयोगी ठरू शकतो.

पहिला निकष कवचाचा आहे. टायरवर लिहिलेला प्लायचा आकडा मूलतः सुती कापडाच्या थरांची संख्या दर्शवीत असे. आज तो प्रत्यक्ष थरांची संख्या नसून बळाचा निर्देशांक आहे. ६ प्लाय असे लिहिलेल्या नायलॉनच्या टायरमध्ये प्रत्यक्षात त्याहून कमी थर असू शकतात. खडकाळ वाटेसाठी सामान्यतः ६ किंवा ८ प्लायचा टायर घेतला जातो. परंतु आकडा वाढतो तसे वजन आणि कडकपणाही वाढतो. कडक टायर दगडाभोवती वळत नाही, आणि जड चाकाचा भार आस, स्टिअरिंग व चालकाचे हात यांच्यावर पडतो. हलक्या वाहनावर अनावश्यक जाड टायर बसविणे म्हणजे लोखंडी धावेकडे काही अंशी परत जाणे होय.

दुसरा निकष बाजूच्या भिंतीचा आहे. बेसाल्टच्या फुटलेल्या दगडांवर टायरचा तळ जितका धोक्यात असतो, त्याहून त्याची बाजू अधिक धोक्यात असते. तिरप्या थरांच्या पारंपरिक रचनेत तळाचे थर बाजूंतूनही जातात, त्यामुळे भिंत जाड राहते. रेडियल टायर अधिक आरामदायी असतो आणि त्याचा तळ पट्ट्यांमुळे बळकट असतो, पण त्याची बाजू अधिक लवचीक असते. म्हणून रेडियल निवडावयाचा असल्यास बाजूला स्वतंत्र मजबुती आहे काय आणि तळाची नक्षी खांद्यावरून बाजूवर उतरली आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

तिसरा निकष हवेच्या दाबाचा. भुईगावच्या वाळूवर दाब कमी ठेवला असता टायर पसरतो आणि रुतत नाही. तोच दाब खडकावर कायम ठेवल्यास चिमटण्याचा धोका वाढतो. वाळूतून खडकाकडे जाताना उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत दाब वाढविणे हा कोणत्याही महागड्या टायरपेक्षा स्वस्त उपाय आहे. मोटारीच्या मापकावर १ पीएसआयचा फरक नीट दिसत नाही, परंतु ५ पीएसआयच्या टायरमध्ये तो एक पंचमांश इतका मोठा असतो. म्हणून अल्पदाबाचा मापक जवळ असणे ही निवडीचीच एक बाजू मानली पाहिजे.

चौथा निकष दुरुस्तीचा. ट्यूबविरहित टायरला तळाशी पडलेले लहान छिद्र बाहेरूनच रबरी दोरी घालून बुजविता येते. आत टाकावयाचे द्रव सीलंट काट्याच्या छिद्रांवर उपयोगी पडते, मात्र बाजूच्या लांब चिरेवर ते चालत नाही. बाजूची चीर तात्पुरती बांधून घरी पोहोचता येते, पण तो टायर पुन्हा खडकाळ वाटेवर नेणे योग्य नाही. गावाजवळ कोणत्या मापाचा टायर मिळतो आणि तो उतरविणारा कारागीर आहे काय, याचा विचार खरेदीपूर्वीच करावयास हवा.

हवेशिवायच्या टायरचाही येथे उल्लेख केला पाहिजे. मिशेलिनने २००५ मध्ये असे एक चाक जगासमोर आणले आणि पोलारिस कंपनीने २०१३ मध्ये हवाविरहित टायर असलेले सर्वभूमी वाहन जाहीर केले. लष्करी उपयोगासाठी त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु किंमत, वजन आणि भूमीनुसार दाब बदलण्याची गमावलेली सोय यांमुळे हवेचा टायर अद्याप प्रचलित राहिला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक बाब लक्षणीय आहे. वाळूज येथे कारखाना असलेली बाळकृष्ण इंडस्ट्रीज ही कंपनी शेती, खाणकाम आणि सर्वभूमी वाहनांचे टायर जगभर निर्यात करते. ज्या प्रदेशात झिजलेल्या ट्रक-टायरवर बैलगाडी चालली, तेथेच आज परदेशातील खडकाळ वाटांचे टायर घडतात.

भूमीचा प्रश्न

लोखंडी धावेच्या विवेचनात आपण पाहिले की, न फुटणाऱ्या चाकाची किंमत रस्त्याने आणि बैलाने मोजली. एटीव्हीच्या बाबतीत ही किंमत भूमी मोजू शकते. अल्पदाबाचा टायर उभा असताना जमिनीवर हलका असतो. परंतु खोल नक्षीचा टायर वेगाने फिरू लागला की तो वाळूच्या टेकाडावरील वेली उखडतो आणि ओढ्याचा काठ खरवडतो. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले आहे. तेथील दगडांनी भरलेले ओढे टायरची कसोटी पाहणारे असले, तरी ते करमणुकीचे मैदान नाहीत. भुईगावचा किनाराही मासेमारी करणाऱ्यांचा, फिरावयास येणाऱ्यांचा आणि किनाऱ्यावरील जीवसृष्टीचा आहे. आपल्याकडे अशी बहुसंख्य वाहने सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास पात्र नसतात. २०२१ मध्ये पोलारिसचे एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन रस्त्यावर येऊ शकले, हा त्यातील लक्षणीय अपवाद होय. खाजगी जागा, परवानगी असलेला मार्ग, शेती आणि बचावकार्य या मर्यादांत राहूनच टायरच्या निवडीचा विचार करणे उचित ठरते.

निष्कर्ष :

१. पंक्चर न होणारे चाक पूर्वी अस्तित्वात होते. वेग, आराम आणि अधिक भार यांसाठी समाजाने ते जाणीवपूर्वक सोडले. त्यामुळे केवळ कठीणपणा हा टायर निवडण्याचा निकष होऊ शकत नाही.

२. हवेच्या टायरचे यश त्याच्या अभेद्यतेत नसून दुरुस्तीक्षमतेत आहे. १८९१ च्या शर्यतीपासून गावातील पंक्चरच्या दुकानापर्यंत हेच दिसून येते.

३. सामान्य शेतकऱ्याने टायरगाडी स्वीकारताना दाखविलेला संकोच हा अज्ञानाचा नसून खर्च, काटे, चिखल आणि दुरुस्तीची सोय यांचा हिशेब होता.

४. खडकाळ वाटेसाठी वाहनाच्या वजनास साजेसे ६ किंवा ८ प्लायचे कवच, जाड बाजू, भूमीनुसार बदललेला दाब आणि सोबत असलेली दुरुस्तीची साधने ही चौकट उपयुक्त ठरते. यांतील एका घटकावर सर्व भिस्त ठेवल्यास उरलेल्या इजांपासून संरक्षण मिळत नाही.

५. प्रत्येक चाक आपला भार कोणावर तरी टाकत असते. तो भार बैल, रस्ता, चालक, कारागीर किंवा भूमी यांपैकी कोणावर पडतो, हे तपासल्याशिवाय निवड पूर्ण होत नाही.

धाव चढविणारे लोहार, चाक घडविणारे सुतार आणि पंक्चर काढणारे कारागीर यांचे ज्ञान बहुतांशी मौखिक आहे आणि ते वेगाने लोप पावत आहे. वसई परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सहकार्याने या ज्ञानाची नोंद हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू प्रकाशात येईल. स्पर्धेसाठी वाहन बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनाही टायर निवडताना आपल्याच तालुक्यातील अनुभवाचा आधार त्यातून मिळू शकेल.